झोंबलं, म्हणजे लागू पडलं?

आपल्या घरांमध्ये जखमेवर औषध लावताना एक वाक्य हमखास ऐकू येतं. 'झोंबतंय ना? मग बरोबर. म्हणजे औषध लागू पडतंय.' कधी ते आई म्हणते, कधी आजी, कधी शाळेतले पीटीचे सर. गुडघा फुटलेला असतो, डोळ्यांत पाणी आलेलं असतं, आणि वर आपल्याला सांगितलं जातं की हे जे चाललंय ते चांगल्यासाठीच चाललंय.

मला या वाक्याबद्दल बोलायचं आहे. वाक्य छोटं आहे, पण त्यात दोन दावे दडलेले आहेत. पहिला शरीराबद्दलचा: जे झोंबतं ते जंतू मारतं. दुसरा नात्याबद्दलचा: मी तुला दुखवतोय, कारण मला तुझी काळजी आहे. पहिला दावा तपासता येतो. दुसरा तपासणं अवघड, कारण तो आपण इतक्या लहानपणापासून आणि इतक्या वेळा ऐकलेला असतो की हा एक दावा आहे हेच लक्षात येत नाही.

दुसऱ्याचं भलं करताना त्याला किती दुखवायचा हक्क आपल्याला असतो? मोठा प्रश्न आहे. दवाखान्यात तो येतो, वर्गात येतो, कोर्टातही येतो. पण माझ्या मते आपली त्याच्याशी पहिली गाठ पडते ती घरच्या मोरीत, नळाखाली धरलेल्या गुडघ्यापाशी.

औषधांचा डबा

जवळजवळ प्रत्येक घरात एक डबा असतो. बहुधा बिस्किटांचा जुना पत्र्याचा. त्यात स्पिरिटची बाटली, अर्धी उरलेली डेटॉलची बाटली, पिवळट पडलेला कापूस आणि मुदत संपलेलं एखादं मलम. गावाकडे गेलात तर डब्याची गरजही नसते. हळद असते, चुना असतो, चहाची पूड असते, बांधावरचा एकदांडीचा पाला असतो. या सगळ्यांत ज्याची आग जास्त, त्याचा मान जास्त. सगळ्यात कमी मान पाण्याला. 'नुसत्या पाण्याने काय होतंय?' हे त्याच वाक्याचं जुळं भावंडं.

आता पहिला दावा तपासू. स्पिरिट का झोंबतं? आपल्या त्वचेतल्या चेतातंतूंच्या टोकांवर उष्णता ओळखणारं एक प्रथिन असतं. शास्त्रज्ञ त्याला टीआरपीव्ही-१ म्हणतात. त्याच्या शोधाबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. हे प्रथिन म्हणजे एक दार आहे असं समजा. तापमान साधारण ४२ अंश सेल्सियसच्या पुढे गेलं की ते उघडतं आणि मेंदूला निरोप जातो, 'भाजतंय!' मिरचीतलं कॅप्सेसिनही हेच दार उघडतं, म्हणून मिरची थंड असली तरी 'जळजळते'. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं, की अल्कोहोलमुळे या दाराची मर्यादा ३४ अंशांच्या आसपास उतरते. आपलं शरीर ३७ अंशांचं. म्हणजे स्पिरिट लावल्यावर आपल्याला आपल्याच अंगाची ऊब भाजल्यासारखी वाटते.

यात जंतू कुठे आले? कुठेच नाही. जखमेत एकही जंतू नसला तरी स्पिरिट तितकंच झोंबेल. झोंबण्यातून फक्त एवढंच कळतं, की आपले चेतातंतू शाबूत आहेत.

हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस असाच फसवा. जखमेवर टाकलं की ते फसफसतं आणि आपल्याला वाटतं जंतूंची दाणादाण उडाली. खरं तर आपल्या रक्तात आणि पेशींत कॅटलेज नावाचं विकर असतं, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करतं, आणि तो ऑक्सिजन फेस होऊन वर येतो. तिथे जंतू मरत असतीलही, पण त्यांच्या जोडीने जखम भरून काढायला आलेल्या आपल्या पेशीही मरतात. पेनिसिलिनवाले अलेक्झांडर फ्लेमिंग पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या लष्करी रुग्णालयात काम करत होते. खोल जखमांत जहाल जंतुनाशकं ओतली, की जंतूंच्या आधी त्यांच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मरतात, हे त्यांनी तेव्हाच दाखवून दिलं होतं. फारसं कुणी ऐकलं नाही.

मग साध्या खरचटण्याला लागतं काय? हात साबणाने धुवायचे. रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने काही मिनिटं दाबून धरायचं, मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही. पिण्यायोग्य पाण्याच्या धारेखाली जखम नीट धुवायची. माती, खडे काढायचे. वर थोडं पेट्रोलियम जेली लावून स्वच्छ पट्टी बांधायची आणि ती रोज, किंवा भिजली की लगेच, बदलायची. पिण्याच्या पाण्याने धुतलेल्या जखमा सलाइनने धुतलेल्यांपेक्षा जास्त चिघळतात, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. म्हणजे ज्याला आपण 'नुसतं' म्हणतो, ते पाणीच बहुतेक सगळं काम करतं.

तेल संपलं ती रात्र

झोंबण्यावरच्या या विश्वासाला मोठा इतिहास आहे. सोळाव्या शतकात युरोपात बंदुकीच्या जखमा विषारी मानल्या जात, आणि ते विष जाळायला जखमेत उकळतं तेल ओतत. १५३७ च्या सुमारास इटलीतल्या तुरीनच्या मोहिमेवर आँब्रुआज पारे नावाचा एक तरुण फ्रेंच शल्यवैद्य होता. एके दिवशी त्याच्याजवळचं तेल संपलं. उरलेल्या सैनिकांना त्याने अंड्याचा बलक, गुलाबाचं तेल आणि टर्पेंटाइन यांचं मिश्रण लावलं. रात्रभर त्याला झोप लागली नाही. ज्यांना उकळतं तेल मिळालं नाही ते विषाने मेले असतील, या धास्तीने तो भल्या पहाटे उठला आणि पाहायला गेला. मिश्रण लावलेले सैनिक बऱ्यापैकी शांत झोपलेले होते. तेल ओतलेले तापाने फणफणलेले, जखमा सुजलेल्या, वेदनेने तळमळत होते. पुन्हा असं कुणाला भाजायचं नाही, हे त्याने तिथेच ठरवलं.

मला या गोष्टीत त्याच्या शोधापेक्षा त्याची ती रात्र महत्त्वाची वाटते. तो दुष्ट नव्हता. तेल ओतताना त्याला वाटत होतं आपण जीव वाचवतोय, आणि न ओतल्याबद्दल तो स्वतःला अपराधी समजत होता. दुखवलं नाही म्हणून अपराधी! हा भाव आपल्याला ओळखीचा आहे. मुलाला नुसत्या पाण्याने धुवून सोडलं की आईला चुटपुट लागते, 'काहीतरी लावायला हवं होतं.' काहीतरी, म्हणजे झोंबणारं.

ही चुटपुट कधी कधी जीवघेणी ठरते. कुत्रा चावल्यावर जखमेत मिरचीपूड, चुना, हळद भरण्याची प्रथा आपल्याकडे अजूनही आहे, इतकी की रेबीजविषयीच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत हे करू नका असं स्पष्ट सांगावं लागतं. मिरचीने आग होते, म्हणून विष उतरतंय असं वाटतं. प्रत्यक्षात रेबीजच्या विषाणूला स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं आणि ते साध्या साबणाने मोडतं. वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं जखम धुणं आणि त्याच दिवशी लस घ्यायला जाणं, हाच जीव वाचवायचा मार्ग. लक्षणं एकदा दिसू लागली की रेबीजमधून जवळजवळ कुणीच वाचत नाही. मिरची भरून समाधानाने घरी बसलेल्या माणसाचा आजार विषाणूने होतो, हे खरं. पण लस घ्यायचे दिवस त्याच्या हातून काढून घेतलेले असतात ते या समाधानाने.

न दुखणाऱ्या जखमा

इथवर वाचून असं वाटेल, की दुखणंच वाईट आणि ते टाळणं हीच माणुसकी. तसंही नाही.

माझ्या वडिलांना बरीच वर्षं मधुमेह आहे. तळपायांची संवेदना कमी झाली आहे. डॉक्टरांनी त्यांना रोज रात्री आरसा धरून तळपाय बघायला सांगितलंय, कारण चपलेत खडा गेला तरी त्यांना कळत नाही. त्यांच्या पायाला झालेली जखम झोंबत नाही, आणि म्हणूनच ती घातक. त्यांच्या बाबतीत घरगुती मलमपट्टीवर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, असा आमच्या घरी नियम आहे. वेल्लोरला काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांविषयी हेच दाखवून दिलं. बोटं आपोआप सडून गळतात असं लोक समजत. प्रत्यक्षात संवेदना गेल्यामुळे भाजलेलं, कापलेलं, घासलेलं कळत नव्हतं, आणि वारंवारच्या त्या जखमांनी बोटं झिजत होती.

म्हणजे दुखणं ही शरीराने पाठवलेली बातमी आहे. ती बंद झाली तर आपण संकटात येतो. शिवाय कधी कधी दुखणं ही कामाची किंमत असते. जखमेत रुतलेला खडा काढताना दुखणारच. टाके घालायचे असतील, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं असेल, तर सुई टोचणारच. पोर रडेल म्हणून खडा आतच ठेवून वरून पट्टी बांधणारा माणूस प्रेमळ नसतो. त्याला ते रडणं ऐकवत नसतं, एवढंच. आपल्या भाषेने 'वरवरची मलमपट्टी' हा शब्दप्रयोग त्याच्यासाठीच घडवला आहे.

तर दुखणं बातमी असू शकतं आणि किंमतही असू शकतं. पण पुरावा? 'दुखलं, म्हणून काम झालं' असं म्हणता येत नाही. गोंधळ होतो तो इथेच. किंमत मोजली की वस्तू मिळालीच, असं आपण धरून चालतो. मग वस्तू मिळाली का हे न बघता नुसती किंमतच वाढवत बसतो.

'मामा, झोंबेल का?'

उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे आला होता. सात वर्षांचा. सोसायटीच्या उतारावर सायकल घसरली आणि गुडघा चांगलाच सोलवटला. डांबरी रस्त्यावरची बारीक खडी आत गेलेली. त्याला मोरीत स्टुलावर बसवलं, तर पहिला प्रश्न आला, "मामा, झोंबेल का?"

याचं ठरलेलं उत्तर सगळ्यांना पाठ आहे: 'छे रे, काही नाही झोंबत.' सगळ्या घरांत बोललं जाणारं हे खोटं आपण निरुपद्रवी समजतो. पण ते दोन सेकंदांत उघडं पडतं. मग पोराला दोन गोष्टी सोसाव्या लागतात: जखम, आणि आपल्या माणसाने फसवलं हे कळणं. पुढच्या वेळी 'काही नाही होत' म्हटलं की ते आधीच पाय आखडून घेतं.

मी म्हटलं, "पाण्याने जरासं चुरचुरेल. खडे काढताना जास्त दुखेल. तू थांब म्हणालास की मी थांबेन. पण खडे काढायचेच आहेत."

त्याने विचार केला. "किती आहेत?"

"पाच दिसतायत."

"मग दोन झाले की थांब."

असा तह झाला. दोन काढले, थांबलो. त्याने श्वास घेतला, "हं, काढ," म्हणाला. एक आणखी काढला. मध्ये तो रडलाही. पण पाय मागे घेतला नाही.

तोवर बाबा स्पिरिटची बाटली घेऊन दारात आले होते. "अरे, नुसत्या पाण्याने काय होतंय? हे लाव. आमच्या वेळी एवढे लाड नव्हते."

"बाबा, स्पिरिट नको. झालंय धुऊन."

ते काही बोलले नाहीत, पण बाटली हातात धरून तसेच उभे राहिले. पट्टी बांधून होईपर्यंत.

संध्याकाळी गॅलरीत बसलो असताना आपणहून म्हणाले, "आमचे अण्णा आम्हाला एरवी कधी जवळ घ्यायचे नाहीत. बोलायचेसुद्धा मोजकं. पण आम्ही पडलो की स्वतः जमिनीवर बसायचे, पाय मांडीवर घ्यायचे आणि स्पिरिट लावायचे. तेवढाच काय तो त्यांचा हात लागायचा."

हे ऐकून मी जरा वेळ गप्पच झालो. टीआरपीव्ही-१ आणि फ्लेमिंग यांचं इथे काही चालत नाही. एका मुलाच्या आठवणीत बापाचा स्पर्श आणि स्पिरिटची आग एकमेकांना इतकी चिकटून बसली आहेत, की एकीला हात लावला की दुसरी उचकटते. सत्तर वर्षांचा माणूस ती बाटली घेऊन नातवाच्या दारात उभा राहतो, तेव्हा त्याला नातवाला दुखवायचं नसतं. त्याला स्वतःला जे प्रेम मिळालं, ते ज्या बाटलीतून मिळालं, ती बाटली त्याला पुढे द्यायची असते.

आपण 'जुन्या लोकांच्या खुळचट समजुती' म्हणून सहज हसतो. पण कितीतरी कठोर गोष्टी अशाच पुढे चालत आल्या असणार: धपाटे, टोमणे, 'मी तुला बोलतो कारण तू माझा आहेस'. ज्याने त्या सोसल्या त्याच्यासाठी त्यांच्या आत कुठेतरी एक मांडी होती. म्हणून त्या सोडणं त्याला आपलं माणूसच सोडल्यासारखं वाटतं.

मला वाटतं, यातून मार्ग आहे. अण्णांनी दोन गोष्टी केल्या होत्या: जमिनीवर बसून पाय मांडीवर घेतला, आणि स्पिरिट लावलं. यातली पहिली ठेवता येते आणि दुसरी सोडता येते. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायची वेळ आली तेव्हा मी बाबांना म्हटलं, "आज तुम्ही करा." त्यांना खाली बसता येत नाही, म्हणून त्यांना खुर्ची दिली आणि भाच्याचा पाय त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी पाण्याने जखम धुतली. "आजोबा, हळू," तो म्हणाला, आणि ते थांबले.

झाकणं आणि फुंकर

पट्टीवरूनही घराघरांत वाद असतो. 'उघडी ठेव, वारा लागू दे, लवकर वाळेल.' जखम वाळणं म्हणजे बरं होणं, ही आणखी एक समजूत. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी 'नेचर' या नियतकालिकात डुकरांच्या त्वचेवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या जखमा पातळ पॉलिथिनने झाकून ओलसर ठेवल्या होत्या, त्यांच्यावर नवी त्वचा उघड्या जखमांच्या साधारण दुप्पट वेगाने आली. आधुनिक ड्रेसिंगचा पाया या निरीक्षणावर उभा आहे. आणि हे आपल्याला अगदीच नवं असायला नको होतं. न बांधलेल्या जखमेला डास, गवत, धूळ, थंडी, वारा, ऊन यांचा उपद्रव होतो, असं सुश्रुतसंहितेतही म्हटलेलं आहे.

मन मोकळं करण्याच्या नावाखाली प्रत्येक दुःख ताबडतोब उघड्यावर मांडलं पाहिजे, असा आग्रह हल्ली बराच दिसतो. स्टोरी टाक, बोल, व्यक्त हो. काही जखमा उघडायलाच हव्यात, विशेषतः आत पू झाला असेल तर. पण धुतलेली जखम झाकून ठेवली, तर ते लपवणं होत नाही. तिला वेळ दिलेला असतो. कुणी रोज विचारत राहिलं, 'आता कसं वाटतंय? नक्की काय झालं होतं?' तर ते खपली काढणंच झालं. काळजीने काढली तरी खपली ती खपलीच, खालचं रक्त तेच.

राहता राहिली फुंकर. वैद्यकशास्त्र म्हणतं उघड्या जखमेवर फुंकर घालू नका, तोंडातले जंतू जातात. आणि मराठीत तर 'फुंकर घालणं' म्हणजेच दुःख हलकं करणं. आता काय करायचं? भाच्यानेच हा पेच सोडवला. पट्टी बांधून झाल्यावर तो म्हणाला, "आता फुंकर घाल." मी पट्टीवरून फुंकर घातली. जखमेला तिचा काही उपयोग नव्हता. त्याला होता.

आपल्या हातातली बाटली

हे सगळं गुडघ्यापुरतं असतं तर एवढं लिहिलं नसतं. पण 'मी तोंडावर खरं बोलतो', 'सत्य कडूच असतं', 'तुझ्या भल्यासाठीच सांगतोय' असं म्हणत आपण मित्रांशी, भावंडांशी, कधी अनोळखी माणसांशी जे बोलतो, त्यातही बहुतेक वेळा तेच गणित असतं: याला लागलं, म्हणजे माझं बोलणं खरं होतं. समोरचा दुखावला गेला यावरून फक्त एवढंच कळतं, की तो जिवंत आहे. आपण खरं बोललो की नाही, आणि त्याचा त्याला उपयोग झाला की नाही, हे वेगळं तपासावं लागतं.

मी स्वतःपुरते तीन प्रश्न ठरवलेत. हे दुखवल्याशिवाय काम होणारच नाही का? त्याला आधी सांगितलंय का, की दुखणार आहे? आणि तो थांब म्हणाला तर मी थांबेन का? मित्राचं पिणं वाढलंय हे त्याला सांगणं म्हणजे खडा काढणं आहे. ते करावंच लागतं, आणि टाळलं तर आपण वरून पट्टी बांधणारे ठरतो. पण तेच चारचौघांत सांगणं, जुन्या चार गोष्टी उकरून सांगणं, त्याचा चेहरा उतरल्यावरही सांगत राहणं, हे स्पिरिट आहे. खडा तर पहिल्या वाक्यातच निघालेला असतो.

जखम आपण बरी करत नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. ती शरीर बरी करतं. आपण घाण काढतो, झाकतो, आणि लक्ष ठेवतो. कडा फाकल्या असतील, रक्त थांबत नसेल, खिळा खोल रुतला असेल, कुणी चावलं असेल, लाली पसरत चालली असेल, ताप आला असेल, तर डॉक्टरांकडे जातो. माणसांच्या बाबतीतही आपली भूमिका याहून मोठी नसते. भल्यासाठी दुखवणाऱ्याला बहुधा वाटत असतं, की बरं करणारा तोच आहे.

स्पिरिटची बाटली आमच्या घरी अजून आहे. थर्मामीटर पुसायला ती फार उपयोगी पडते.